एकहस्तमोजा-मीमांसा

जुन्या पाश्चात्त्य चित्रांतली माणसे एक हातमोजा घालून दुसरा नुसता हातात का धरतात, या प्रश्नाचा शास्त्रोक्त निकाल अजून लागलेला नाही. दरम्यान साम्राज्ये बुडाली. मोजा लोंबतोच आहे.

पूर्वपक्ष चित्रकार टिशियनचा दाखला देतो. लूव्र संग्रहालयातल्या त्याच्या १५२० च्या सुमाराच्या चित्रातल्या तरुणाने डाव्या हातात मोजा चढवला आहे, दुसरा त्याच हातात धरला आहे, आणि उघड्या उजव्या हाताच्या बोटात अंगठी आहे. यावरून झाकलेला हात खानदान सांगतो, उघडा हात विश्वास देतो, आणि लोंबता मोजा या दोहोंमधला संशय दर्शवतो, असा सिद्धान्त मांडतात. ऐकायला छान आहे.

उत्तरपक्ष आमचा. पाची बोटे सारखी नसतात हे म्हणायला सोपे, काढायला महाकठीण; म्हणून चित्रकार ती झाकतात. खोदचित्रकार वेन्सेस्लाउस हॉलरने १६४० च्या दशकात ऋतूंच्या रूपात लंडनच्या बायका कोरल्या. त्यातल्या हिवाळ्याच्या तोंडावर मुखवटा, आणि हात केसाळ मफच्या, म्हणजे हात उबेला घालायच्या फरच्या नळीच्या, पोटात गडप. पुढे १६४७ मध्ये त्याने बाईलाच रजा दिली आणि मफ, मोजे, पंखा, मुखवटा एवढेच ठेवले. मफची लव अशी कोरली आहे, की पाहणाऱ्याला फुंकर घालावीशी वाटते. हॉलरला हात काढता येत नव्हते असे मुळीच नाही. पण लव काढायला मिळत असताना बोटांच्या फंदात पडतो कोण?

आता रंगाचा मुद्दा. मोज्याचा पिवळा म्हणजे मत्सर, जांभळट म्हणजे अर्धे सुतक, अशी कोष्टके विद्वान मांडतात. फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या जुन्या मासिकातली पोशाखांची चित्रे छापून झाल्यावर हाताने रंगवली जात, या कामाला सुमारे दीडशे बायका होत्या. एकाच महिन्याच्या एकाच चित्रातले पोशाख निरनिराळ्या प्रतींत निरनिराळ्या रंगांचे सापडतात. म्हणजे एका वाचकिणीच्या घरी जी बाई मत्सराने जळत होती, तीच शेजारणीच्या घरी सुतकात होती. आमचे मत असे, की रंगवणारीच्या वाटीतला पिवळा संपला होता.

हा निष्कर्ष पूर्वपक्षाला कळवला आहे. उत्तर आलेले नाही. लिहिण्यासाठी मोजा काढत असावेत.