शतायुषी भव, खुर्चीसकट!

कॅमेरूनचे पॉल बिया नोव्हेंबर 1982 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा आपल्याकडे बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. त्यानंतर आपण किती मुख्यमंत्री पाहिले, ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. कॅमेरूनच्या मुलांना मात्र सामान्यज्ञानाच्या पेपरात हा एक मार्क पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळत आला आहे.

2004 मध्ये बिया गेल्याची आवई उठली. साहेब धडधाकट परतले आणि ज्यांना आपल्या अंत्ययात्रेची घाई झाली आहे त्यांनी अजून वीसेक वर्षं थांबावं, असं ऐकवलं. लोक थांबले. बरोबर वीस वर्षांनी, 2024 मध्ये, ते काही आठवडे कुणाच्या दृष्टीस पडेनात आणि पुन्हा कुजबुज सुरू झाली. सरकारने काय करावं? प्रसारमाध्यमांना त्यांच्या तब्येतीची चर्चा करायलाच बंदी घातली. कुठल्याही डॉक्टरला इतका जालीम इलाज सुचला नसता. गुण आला, हेही खरंच. बिया परतले आणि 2025 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी, आठव्यांदा निवडून आले. कार्यकाळ सात वर्षांचा. म्हणजे तो संपेल तेव्हा ते 99 चे असतील. कारकिर्दींवर असलेली मर्यादा 2008 मध्येच घटनेतून काढून टाकल्यामुळे पुढचा अर्ज भरायलाही कायद्याची आडकाठी नाही.

नवं नेतृत्व पुढे येत नाही, असं मात्र म्हणवत नाही. 2025 च्या निवडणुकीत त्यांना आव्हान देणारे इसा चिरोमा बकारी हे त्यांच्याच मंत्रिमंडळातले माजी मंत्री. वय पंचाहत्तरीपार.