अण्णांचे खिसे

रंगकामाचे ठेके घेणाऱ्या माणसाच्या शर्टाला दोन खिसे का लागतात, हे मला अण्णांमुळे कळलं. डावा खिसा मजुरांच्या उचलीचा, उजवा मालाच्या चिठ्ठ्यांचा. पँटच्या मागच्या खिशात येणी, म्हणजे पैसे बुडवणाऱ्यांची नावं; बसताना टोचावीत म्हणून. रंगाच्या डब्यातून निघणारी टोकनं बंडीच्या चोरखिशात, ती घरीसुद्धा माहीत नाहीत. आणि स्कूटरच्या डिकीत 'इतर'. त्यात पेट्रोलच्या पावत्या, झिजलेला पॉलिशपेपर, देवळाची वर्गणी आणि जीएसटी आला त्या 2017 साली हौसेनं छापून घेतलेलं बिलबुक. त्याचं पहिलंच पान तेवढं फाटलंय. कुणाला तरी प्लंबरचा नंबर लिहून दिला होता.

धायरीपासून कोथरूडपर्यंत असे अण्णा गल्लोगल्ली आहेत. खोलीच्या दारात उभं राहून भिंतीवर एक नजर टाकतात आणि सांगतात, "दोन हात, नऊ लिटर, लांबी वेगळी." नऊ म्हणजे नऊच लागतात. पण वर्षाला सुटतं किती, असं विचारलं की हाच माणूस आढ्याकडे बघायला लागतो. "घातलेले निघाले तरी पुष्कळ, सर." हे वाक्य मी त्यांच्या भाड्याच्या खोलीत ऐकलं होतं. पुढे त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीलाही ऐकलं, जिलबी वाढताना.

ह्या वर्षी अण्णांना टेम्पो घ्यायचा होता. बँकेनं रिटर्न मागितलं, म्हणून कुणीतरी लिहितं-वाचतं सोबत हवं ह्या हिशोबानं मला घेऊन ते सीएंकडे गेले. टेबलावर सगळे खिसे रिकामे केले, चोरखिसा सोडून. पेट्रोलच्या पावत्या डिकीतल्या उष्म्यानं पांढऱ्याफटक पडल्या होत्या. अण्णा एकेक कोरा कागद उचलून सांगू लागले, "हे पाचशेचं, वारज्याच्या कामाचं. हे तीनशेचं, त्या दिवशी पाऊस होता." सीएंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, ह्यातलं काहीच लागत नाही."

काही काही माणसांच्या चेहऱ्यावर दुःख फार स्पष्ट दिसतं.

गोष्ट अशी की, अण्णांसारख्यांचा हिशोब मागण्याचा नाद सरकारनं कधीच सोडलाय. 44एडी नावाचं कलम त्यासाठीच होतं. वर्षाची जमा सांगा. रोखीच्या जमेवर 8 टक्के, फोनवरून नाहीतर बँकेतून आलेल्यावर 6 टक्के नफा धरा, बाकी सगळा खर्च झाला असं समजा. इतका समजूतदारपणा मी सख्ख्या भावांत पाहिलेला नाही. हे कलम अण्णांना पाठ व्हायला आणि 1961 चा प्राप्तिकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा यायला एकच गाठ पडली. योजना तीच राहिली, कलमाचा आकडा बदलला. सरकारनं आपल्याला चुकवण्यासाठीच तो बदलला, असं अण्णांचं मत आहे.

अण्णांची जमा 18 लाख. वीसच्या वर गेलं की जीएसटीचं लचांड लागतं, म्हणून त्यांचं वर्ष फेब्रुवारीतच संपतं. रोखीचा कारभार, तेव्हा 8 टक्क्यांनी नफा 1,44,000. कर शून्य. अण्णा विजयी मुद्रेनं हे कागद घेऊन बँकेत गेले. साहेबांनी भागाकार केला. "महिना 12,000 कमावता. त्यात हप्ता कसा भरणार?"

"साहेब, ते सरकारला सांगायचं उत्पन्न," अण्णा भर काउंटरवर म्हणाले. "खरं वेगळं आहे."

पुन्हा सीएंकडे. तिथं दुसरा धक्का बसला. आठ टक्के ही कमीत कमी मर्यादा. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर करच बसत नाही. म्हणजे इतकी वर्षं लपवलं ते कुणापासून? अण्णा बराच वेळ गप्प होते. मग पुटपुटले, "फुकट आहे म्हणजे काहीतरी डाव असणार."

तिसरा धक्का गोड होता. एक बिल्डर प्रत्येक बिलातून 1 टक्का कापायचा. "एक टक्का त्यानं खाल्ला," असं मागच्या खिशातल्या चिठ्ठीवर त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं. सीएंनी संगणकावर दाखवलं: गेल्या वर्षी कापलेले 6,000 रुपये टीडीएस म्हणून अण्णांच्याच पॅनवर जमा होते. परत मिळणार होते. अण्णांनी चिठ्ठी काढली, बिल्डरच्या नावावर काट मारली. मग थोडा विचार करून ते नाव खाली पुन्हा लिहिलं. हा नाही तर दुसरा कुठला तरी पैसा त्यानं खाल्लाच असणार.

उठता उठता अण्णांची नजर सीएंच्या पाठीमागच्या भिंतीवर गेली. ओल आली होती, पोपडे सुटले होते. "खरवडून, लांबी भरून, दोन हात," ते म्हणाले, "चौदा हजार."

"करून टाका," सीए म्हणाले. "पण बिल द्या. मला ऑफिसच्या खर्चात दाखवायचंय."

अण्णा थबकले. "तुमच्या खर्चात दाखवणार. म्हणजे ते माझ्या जमेत दिसणार?"

"दिसणारच. पण तुम्हाला कर बसतच नाही, अण्णा. आत्ताच सांगितलं ना?"

"ते झालं हो," अण्णा डिकीतल्या बिलबुकाची आठवण होऊन म्हणाले, "पण दिसायचे हजार वेगळे."