प्रमाणित पंगत

व्यापारी डेटाबेसच्या विक्रेत्यांनी ‘प्रमाणित प्रणालीं’ची जी यादी, म्हणजे आपला माल कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालल्यास जबाबदारी घेतली जाईल याची जी वंशावळ, जपली आहे, तिच्या सोवळेपणाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. 1993 पासून नांदणाऱ्या फ्रीबीएसडीला ओरॅकलच्या यादीत पाट नाही. रेड हॅटच्याच सोर्स कोडवरून बांधलेल्या सेंटओएसलाही तो नव्हता. मात्र त्याच कोडवरून 2006 मध्ये ओरॅकलने स्वतः सिद्ध केलेले लिनक्स पहिल्या पंगतीत आहे, कारण कूळ एकच असले तरी गोत्र यजमानाचे लागते. यादीबाहेरच्या ग्राहकाने अडचण कळवली, की प्रणालीचे नाव विचारताक्षणी अडचणच संपुष्टात येते, आणि इतकी जलद दुरुस्ती अन्य कोणत्याही उद्योगात आढळत नाही. हेच तत्त्व पुढे नेऊन सर्व्हरची वीज कोणत्या धरणावरची, हेही प्रमाणित होणे इष्ट ठरेल. प्रणालीच्या नावाच्या या कठोर तपासणीत ओरॅकलचा इन्स्टॉलर ‘रेडहॅट-रिलीज’ नावाची एका ओळीची फाइल वाचत असे, आणि ती ओळ एडिटरमध्ये बदलली की सेंटओएसचे विधिवत गोत्रांतर होई. फ्रीबीएसडीवर तर ‘ब्रँडएल्फ’ ही आज्ञा उलट विक्रेत्याच्याच प्रोग्रॅमवर ‘लिनक्स’ असा शिक्का मारते, म्हणजे प्रणाली त्याला ओळखीचा पाहुणा समजून घरात घेते. त्याच्याकडे प्रमाणपत्र मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही.