आरसा पाहिजे, मामा!

एखादी वस्तू दुकानात मिळते, एवढ्यावरून ती विकत घ्यावी असं कोल्हापुरात कुणाला वाटत नाही. ती उघडून बघायची, "ह्यात काय विषय हाय?" म्हणायचं आणि घरी करायला घ्यायची. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता, तर त्यांनी 1918 साली आधी कॅमेराच तयार केला. पुढं उद्यमनगरातल्या शेडमधून ऑइल इंजिनं निघाली. आता माझ्या भाच्याच्या टेरेसवरून कार्बन फायबरचं मडगार्ड निघतंय. साच्यातून ते निघता निघत नाही, हा भाग वेगळा.

भाच्याचं डोकं फिरायला आमचं गावही थोडं जबाबदार आहे. इथं मोहिते रेसिंग अकॅडमीचा गो-कार्टिंग ट्रॅक आहे. इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये गाडी पळवून आला. त्या गाड्यांचा सांगाडा कार्बन फायबरचा असतो, हे भाच्याला कळलं त्या दिवशी त्याच्या दुचाकीचं प्लॅस्टिकचं मडगार्ड त्याच्या मनातून उतरलं. मला वाटलं, पोरगं वजन कमी करायला निघालंय. तसं नव्हतं. "मजबूत आन् हलकं कुणीबी करंल मामा. आरसा झाला पाहिजे. वाकून बघितलं की भांग दिसला पाहिजे."

कापडाचा रोल आला तेव्हा घरात एखादी नवी सून यावी तसा बंदोबस्त होता. घडी घालायची नाही, हात लावायचा नाही, पंखा लावायचा नाही. ताईनं लांबूनच बघितलं आणि विचारलं, "ब्लाऊजपीस निघंल का रं ह्यातनं?" भाच्यानं दुखावलेल्या आवाजात माहिती सांगितली. हा धागा मुळात ॲक्रिलिकचा, म्हणजे स्वस्तातले स्वेटर ज्याचे विणतात त्याच जातीचा. तो आधी दोन-तीनशे अंशांवर हवेत भाजतात, मग हवा न लागू देता हजार अंशांच्या वर नेतात. बाकी सगळं उडून जातं, कार्बन तेवढा उरतो. सात मायक्रॉनची एक तार, अशा तीन हजार तारांची एक जुडी आणि त्या जुड्यांचं हे कापड. 1981 साली मॅक्लारेननं ह्याच मालाची पहिली फॉर्म्युला वन गाडी ट्रॅकवर आणली. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसनच्या त्या गाडीचा असा अपघात झाला की इंजिन एकीकडं आणि गाडी दुसरीकडं; वॉटसन मात्र चालत बाहेर आला. ताई सगळं ऐकून म्हणाली, "मंग मडगार्डाला कशाला? तुझ्या टकुऱ्याला कर की."

इचलकरंजीचे काका त्या दिवशी घरी आलेले. जन्म यंत्रमागावर गेलेला माणूस. त्यांनी चष्मा वर करून कापड एकदा बघितलं आणि म्हणाले, "टू-टू ट्विल हाय. जीन्स थ्री-वन असतीया, ही टू-टू. पिक किती?" भाचा गप्प. इंटरनेटवरून आठवडाभर शिकून जे त्याला समजलं होतं, ते काकांना चहा यायच्या आत समजलं. वर त्यांनी दाखवून दिलं की भाच्यानं कापड कापताना तिरकस रेघ मोडली आहे. "साच्यात घालताना ओढू नगंस. ओढलंस की ट्विल वाकडी, मग वर किती बी चमकव, वाकडीच दिसंल." कारखान्यातला माल आणि टेरेसवरचा माल ह्यांत डोळ्याला पहिला फरक दिसतो तो तिथंच. चकाकी नंतर दिसते. आधी दिसते ती वाकडी चाललेली रेघ.

तर भाच्यानं लाकडाचा नमुना केला, लांबी भरली, प्रायमर मारला, त्यावरून फायबर ग्लासचा साचा घेतला, साच्यात कार्बनचं कापड बसवलं. डब्यावर लिहिल्याप्रमाणं शंभर भाग रेझिनला तीस भाग हार्डनर. एवढं बारीक मोजायला गुजरीतनं सोनाराचा काटा आला. उरलेलं रेझिन आइस्क्रीमच्या कपात तसंच ठेवलं होतं. ढीग करून ठेवलेलं रेझिन आपल्याच उष्णतेनं तापतं, हे ज्ञान घरात सगळ्यांना एकदमच झालं. आधी कप वाकला, मग धूर आला आणि ताई पाण्याची बादली घेऊन आली. मग व्हॅक्यूम. त्यासाठी ओळखीच्या फ्रीजवाल्याचा पंप आला. वर प्लॅस्टिकची पिशवी, कडेला चिकट पट्टी, पंप सुरू; आतली हवा गेली की बाहेरची हवा सगळीकडून दाबते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्यानं हा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी मिळतो, अशी भाच्याची तक्रार. मुंबईत काहीतरी जास्त आहे, हे एखाद्या कोल्हापूरकरानं कबूल केल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मडगार्ड बाहेर आलं. लांबून झकास. जवळ जाऊन बघितलं तर सुईनं टोचावीत तशी असंख्य बारीक भोकं. भाच्यानं तोंड पाडलं आणि शेजारच्या अण्णांना हाक मारली. अण्णा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मोल्डिंग खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मडगार्ड उजेडाकडं धरलं.

"ब्लोहोल हाय की रं."

"ब्लोहोल न्हाई अण्णा, पिनहोल."

"त्येच त्ये. हवा अडकली, भाईर पडायला वाट घावली न्हाई. बारीक असलं तर पिनहोल, मोठं असलं तर ब्लोहोल, आन् गिऱ्हाइकानं बघितलं तर रिजेक्शन."

मग अण्णांनी पॅटर्न मागितला. ह्या माणसाची मी तेव्हापासून मनातून भीती धरली आहे. त्यांनी डोळे मिटले आणि नमुन्यावरून अंगठा फिरवला. एका जागी थांबले, परत मागं आले. "हितं लांबी बसलीया." आम्हाला काही दिसेना. भाच्यानं मडगार्ड त्याच जागी उजेडात तिरकं धरलं तेव्हा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं तिथं लचकलं. "पॅटर्नवर जे हाय ते कास्टिंगवर येणार. तू मालाला पॉलिश कराय बसलास, पॉलिश साच्याला करायचं असतंय."

सगळी विद्या एवढीच आहे, असं आता माझंही मत झालं आहे. घरगुती कार्बनवाल्यांची उमेद भाग तयार झाल्यावर त्याला घासूनपुसून आरसा करण्याची असते. पण साच्यातून निघणारा भाग साच्याचीच कातडी घेऊन येतो. म्हणून आधी नमुना घासायचा, दोन हजारच्या वॉटर पेपरपर्यंत. मग साचा घासायचा. त्यावर मेणाचे हात मारायचे, एका हातानंतर दुसऱ्याला वेळ देत. त्यावर रेझिनचा पहिला पातळ थर ब्रशनं द्यायचा, तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका आवळला की मगच कापड. घाई केली तर कापडाची नक्षी पृष्ठभागावर उमटते, उशीर केला तर थर एकमेकांना धरत नाहीत. ह्यात भाच्याचे कितीतरी रविवार गेले आणि कापड पिशवीतून बाहेरसुद्धा निघालं नाही. गल्लीतली पोरं येऊन साच्यात तोंड बघून जायची.

जुलैत गोष्ट वेगळीच झाली. गगनबावड्याकडून पाऊस आत शिरला की आमच्याकडं मीठसुद्धा ओलं होतं. अशा हवेत जमलेल्या इपॉक्सी रेझिनवर एक तेलकट, पांढुरका थर आला. भाच्यानं त्यावर थिनर चोळलं, मग घासलं. कागद चिकटून बसायचा आणि पुढचा थर धरायचा नाही. ताईनं ते मडगार्ड सरळ मोरीत नेलं. "सर बाजूला, मी धुतो." कोमट पाणी, भांड्याचा साबण, हिरवी घासणी. थर गेला. हार्डनरमधलं अमाइन दमट हवेशी गाठ पडली की असा थर धरतो, तो पाण्यात विरघळतो आणि त्याला धुणं हाच उपाय आहे, हे भाच्यानं नंतर वाचून दाखवलं. ताई म्हणाली, "बरं झालं वाचलास. न्हाईतर मला कळलंच नसतं."

पुढच्या एका भागावर वार्निशला डोळे पडले. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे. कुठंतरी तेलाचा किंवा सिलिकॉनचा अंश असला की रंग तिथून मागं सरतो. भाच्याचा आरोप तांबड्या रश्शाच्या फोडणीवर होता. तपासाअंती संशय त्याच्या केसाच्या तेलावर आला. ज्या भांगासाठी एवढा आरसा चालला होता, त्याच भांगातून हात फिरवून तो काम करायचा.

घासण्याबद्दल मात्र त्यानं मला एक खूण शिकवली, ती मी कुणालाही सांगतो. वॉटर पेपरनं घासताना पाणी दुधाळ निघतंय तोवर तुम्ही रेझिनवर आहात. पाणी काळं झालं की थांबा; तुम्ही कापडाला लागलात. तुटलेल्या तारा पुन्हा शिवता येत नाहीत आणि त्या जागी कायमचा फिकट डाग राहतो.

एवढं झाल्यावर मडगार्ड खरोखर आरशासारखं आलं. गाडीला लावून पोरगं रंकाळ्याला फिरून आलं. एप्रिलचं ऊन, गाडी दोन तास बाहेर. परत आला तेव्हा कापडाची नक्षी बोटाला लागत होती. रेझिन पूर्ण पिकलं नव्हतं. उन्हात ते आणखी पिकलं, आकसलं आणि खालचं कापड वर दिसायला लागलं. उपाय एकच, भाग साच्यात असतानाच त्याला ऊब देऊन पिकवायचं. ओव्हनला ताईनं नकार दिला, म्हणून दाजींच्या बंद मोटारीत, काचा वर करून, उन्हात. मडगार्ड छान पिकलं. दाजी अजून काचा खाली करून गाडी चालवतात.

माझं विचाराल तर ह्या चकाकीचा गाडीच्या पळण्याशी काडीचा संबंध नाही. आपल्या तेजस विमानात कार्बनचे भाग भरपूर आहेत, पण त्यावर रंग आहे. विणकाम कुणाला दिसत नाही. अलीकडं फॉर्म्युला वनवाले काही भाग बिनरंगाचे, मंद काळे तसेच सोडतात, ते रंगाचं वजन वाचावं म्हणून. भाच्यानं सुरुवातीला जुन्या प्लॅस्टिकच्या मडगार्डावरच कार्बनचं कापड चिकटवून वर रेझिनचे थर चढवले होते. ते सोनाराच्या काट्यावर ठेवलं तर मूळच्यापेक्षा जड भरलं. त्यानं तो आकडा कुणाला सांगितला नाही, सोनारानं सांगितला.

तरीही ज्यांना हा नाद करायचाच असेल, त्यांनी दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर सुरुवात करावी. हातमोजे आणि चांगला मास्क विसरू नये. कापणं-घासणं पाण्यानंच करावं, कारण कार्बनची भुकटी फुफ्फुसाला वाईट आणि तिच्यातून वीज वाहत असल्यानं इलेक्ट्रिकच्या बोर्डालाही वाईट. रेझिनला लागलेली वाटी परत स्वयंपाकघरात नेऊ नये. आणि पहिला भाग गाडीच्या पोटाखाली बसणारा निवडावा.