पायमशीनचं पुनर्वसन

नव्या कॅफेत शिरलं की कोपऱ्यात एक टेबल हमखास दिसतं. वर काच नाहीतर संगमरवर, खाली पायमशीनचे बिडाचे, वेलबुट्टीचे काळे पाय आणि त्यांच्यामधे जाळीदार पायटा. रिसॉर्टमध्ये गेलं तर याच पायांवर बेसिन बसवलेलं असतं. एखाद्या हौशी बंगल्यात त्यावर पितळी घंगाळ असतं, घंगाळात पाणी आणि पाण्यात झेंडूची फुलं. म्हणजे एकावर एक दोन निवृत्त. मूळची मशीन तेवढी कुठे दिसत नाही; ती भंगारात गेली की माळ्यावर जुन्या चादरीखाली निजली आहे, हे विचारायचं नसतं. जुन्या सामानाला घासूनपुसून नव्या कामाला लावण्याच्या या उद्योगाला माझा मुळीच विरोध नाही. विरोध आहे तो टेबलाखालच्या एका बारीकशा गोष्टीला. खुर्चीत बसून पाय पायट्यावर ठेवावा, सहज दाबावा, तर पायटा जागचा हलत नाही. कोणीतरी तो तारेने आवळलेला असतो नाहीतर बोल्ट घालून जखडलेला असतो. माझं सगळं म्हणणं त्या तारेविरुद्ध आहे. जुनी वस्तू दुरुस्त करावी, वेगळ्या कामाला जरूर लावावी, पण तिचं जे हलतं अंग आहे ते हलतं ठेवावं. ते गेलं की उरते नुसती घडवंची, आणि घडवंची फॅब्रिकेशनवाला याहून स्वस्तात करून देतो.

यावर पहिला आक्षेप सोवळ्यातल्या मंडळींचा. शिवणयंत्र आहे ना, मग त्यावर शिवा. शिवता येत नसेल तर झाकून ठेवा. पण त्याचं टेबल करून वर कॉफी पिणं म्हणजे अधर्म. ऐकायला हे भारदस्त आहे, पण घराण्याचा इतिहास काढला की टिकत नाही. आयझॅक सिंगरला अमेरिकेत शिवणयंत्राचं पेटंट मिळालं १८५१ साली. त्याची सुरुवातीची यंत्रं ज्या लाकडी खोक्यात भरून गिऱ्हाइकाकडे जात, तेच खोकं मग खाली टेबल म्हणून वापरायचं आणि पायट्याची जोडणीही तिथेच करायची, अशी व्यवस्था होती. म्हणजे ज्या टेबलाच्या पावित्र्यासाठी भांडण चाललंय, त्याचा मूळपुरुष पॅकिंगचं खोकं! वेलबुट्टी, सोनेरी अक्षरं, दोन्ही बाजूंचे खण ही श्रीमंती मागाहून आली, आणि तीही यंत्राला कारखान्यातून उठून दिवाणखान्यात यायचं होतं म्हणून. किंमत परवडेना, तेव्हा १८५६ पासून कंपनीने यंत्र हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. हप्ते फेडायचेच, तर वस्तू निदान शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरेल अशी हवी, हे अर्थशास्त्र तेव्हापासून आजतागायत बदललेलं नाही. आणि आपल्याला तर हा सोवळेपणा शोभतही नाही. लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं स्कूटर पुसायचं फडकं हा प्रवास ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या झाला, डालड्याच्या डब्यात जिथे तुळस वाढली, तिथे वस्तूला एकाच कामाला बांधून ठेवणं हा उधळपणाच मानला जायचा.

मग पायट्याचाच एवढा हट्ट का? इथे गांधीजींची साक्ष काढतो. यंत्रांना त्यांचा विरोध जगजाहीर होता. पण तुम्ही सरसकट सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का, असं १९२४ साली त्यांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी सिंगरचं शिवणयंत्र अपवाद म्हणून बाजूला काढलं. हाताने शिवून शिवून दमलेली बायको सिंगरला पाहवेना, तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने हे यंत्र केलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगर हा नाटकात कामं करणारा, रंगेल माणूस. निरनिराळ्या घरांत मिळून त्याला वीसहून जास्त मुलं. तेव्हा नेमकी कुठली पत्नी दमली होती हे ठरवणं कठीण, मात्र एवढ्या लेकरांचे कपडे हाताने शिवून होणारे नव्हते, हे कोणीही मान्य करील. ते असो. प्रेमकथा कच्ची निघाली तरी त्या संभाषणातला निकष पक्का आहे. माणसाचे अवयव निकामी करणारं यंत्र त्यांना नको होतं. पायमशीन या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होते, कारण माणसाचा पाय थांबला की तीही थांबते. आणि आपण काय केलं? पायट्याला तार बांधून यंत्राचाच अवयव निकामी केला आणि त्याला सजावट असं नाव दिलं.

त्या पायट्याची गंमत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. पायटा एका दांड्याने खालच्या मोठ्या चाकाला जोडलेला, चाकावरून चामड्याचा गोल पट्टा निघून वर मशीनच्या छोट्या चाकाला वेढा घालतो. दांडा अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला थांबला असेल, तर पायाने कितीही जोर लावा, चाक ढिम्म हलत नाही. वरच्या चाकाला हाताने हलकेच ढकलावं लागतं, मग पाय ती गती पकडतो. नवशिक्याचं चाक हमखास उलटं फिरतं, दोरा तुटतो आणि मागून कोणीतरी ‘पुढे घे, पुढे!’ म्हणून ओरडतं. एकदा लय सापडली की मात्र पाय डोक्याला न विचारता चालतो. हा गुण शिवणाबरोबर संपत नाही. घरून काम करणाऱ्याला आज टेबल हवं असतं ते लॅपटॉपसाठी, आणि त्याचे पाय तर दिवसभर नुसते अस्वस्थ असतात. खुर्चीचा पाय हलव, चप्पल उडव, शेजारच्या वायरीत अडक, हेच चाललेलं असतं. त्यांना हलता पायटा द्या. कॅमेऱ्यात वरचा अर्धा माणूस साहेबाचं गंभीरपणे ऐकत असेल आणि खालचा अर्धा दोन परकर आणि चार उशांचे अभ्रे शिवून मोकळा झालेला असेल. शिवाय हाताशी खण आहेत. त्यांत पूर्वी बॉबिन, खडू, टेप, मोडक्या सुयांची डबी आणि कुठल्याच कपड्याला जुळणार नाही असं एक बटण असायचं. आता पेन ड्राइव्ह, चार्जर आणि कुठल्याच फोनला न बसणारी एक पिन असते. खणाचा स्वभाव बदललेला नाही.

दुरुस्तीलाही हाच न्याय लावावा. बिडाच्या पायांवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने निघतो, आखडलेल्या स्क्रूंना तेल पाजून रात्रभर सोडलं की सकाळी ते शहाण्यासारखे वागतात. बीड मात्र मानी असतं. वाकत नाही, आपटलं तर सरळ तडकतं, आणि तडकलं की साधं वेल्डिंग त्याला सहसा मानवत नाही. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात सैल पडतो. तो थोडा कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडावा. खण अडकत असेल तर रंधा मारायची घाई नको, कडेला मेणबत्ती घासली तरी बहुधा भागतं. खरा प्रश्न येतो वरच्या फळीचा. जुनी पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, कापडाच्या बोळ्याने पातळ हात देत देत चढवलेली. भर पावसाळ्यात पॉलिश करायला घेतली तर हवेतली ओल धरून ती पांढुरकी पडते, म्हणून पॉलिशवाला श्रावणात येतो म्हणाला तर त्याला दसऱ्याचं आमंत्रण द्यावं. आणखी एक सूचना हल्लीच्या हौशी मंडळींसाठी. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख स्पिरिटमध्येच पुन्हा विरघळते. तेव्हा जुन्या कपाटाचा किंवा मशीनच्या टेबलाचा बार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, की सांडलेली व्हिस्की पुसायला जरा उशीर झाला तर टेबलही झिंगतं. हे सगळं सांगायचं कारण, की दुरुस्ती म्हणजे वस्तू पुन्हा चालती करणं, म्हातारपण लपवणं नव्हे. याच्या नेमकं उलट काम सध्या जोरात आहे. शनिवारी बसून खरे डाग, खरे ओरखडे पॉलिशपेपरने घासून काढायचे. रविवारी त्यावर फिका पिस्ता रंग द्यायचा आणि तो वाळला की कडा मुद्दाम खरवडून वस्तू जुनी दिसेल अशी करायची. म्हातारीचे केस रंगवून वर पांढरा विग घालण्याचा हा प्रकार आहे.

‘पण एवढ्या पैशांत नवं टेबल येतं’ हा दुसरा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. हिशोबाची वही उघडली तर मी हरतो, हे आधीच कबूल करतो. सुताराची मजुरी, पॉलिशवाल्याचा रोज, टेम्पोचं भाडं आणि चौथ्या मजल्यावर बीड चढवणाऱ्या हमालांना द्यायचा चहा जमेस धरला, तर दुकानातलं टेबल स्वस्तच पडतं. त्यात मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन नुसते पाय विकत घेणाऱ्याची तर काही धडगत नाही; आपण वस्तूवरून हात फिरवताना जरा हळवे झालो की तेवढ्यात भाव वाढलेला असतो. पण स्वस्त टेबल कशाचं असतं, तेही पाहावं. लाकडाचा भुसा नि चुरा गोंदात दाबून केलेली फळी आणि वर लाकडाचा फोटो. पाणी लागलं की कडा इडलीसारखी फुगते, दुसऱ्या घरबदलाला बिजागरीचे स्क्रू भोक घेऊनच बाहेर येतात, आणि ते टेबल दुरुस्त करायला सुतार बोलावला तर तो नुसता हसतो. खाचेत कुसू ठोकून बसवलेलं सागवानी टेबल ढिलं झालं की पुन्हा ठोकता येतं. चुऱ्याची फळी एकदा चुरा झाली की संपलं. स्वस्ताई म्हणतात ती एका खरेदीपुरती. जागेचा प्रश्न मात्र मी टाळतो, कारण ज्या घरात पलंगाखाली बॅगा, बॅगांत चादरी आणि चादरीत भांडी आहेत, तिथे युक्तिवादालाही जागा नसते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत हळवा, म्हणून सगळ्यांत अवघड. ‘ही आजीची आठवण आहे, तिला नुसती राहू द्या.’ आजीला विचारता आलं असतं तर तिने काय उत्तर दिलं असतं, याबद्दल मला फारशी शंका नाही. तिने ती मशीन आठवण म्हणून आणली नव्हती, शिंप्याचे पैसे वाचावेत म्हणून आणली होती. सिंगर असो की १९३० च्या दशकापासून कोलकात्यात होऊ लागलेली उषा असो, पायमशीनने या देशात असंख्य घरांची चूल पेटती ठेवली. नवरा गेला, गिरणी बंद पडली, की ब्लाउज आणि परकर शिवून पोरांच्या फिया भरल्या गेल्या. बरं, हे केवळ इतिहासात झालं असंही नाही. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत जे १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत शिंपी आहे आणि सुतारही आहे. दोघांनाही अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. म्हणजे एकाच देशात, एकाच वेळी, जे यंत्र कुठे अवजार म्हणून मंजूर होतंय तेच दुसरीकडे फुलदाणीखाली स्मारक म्हणून उभं आहे. ब्रिटनच्या ऑलसेंट्स या कपड्यांच्या दुकानांनी तर दर्शनी काचेमागे जुनी शिवणयंत्रं रांगांनी रचली, आणि आत जे कपडे विकले ते त्या यंत्रांवर शिवलेले नव्हते, हे सांगायला नकोच. आजीचा फोटो भिंतीवर लावावा, हार घालावा. मशीनला हार घालू नये, तेल घालावं.

राहता राहिला पालकांचा आक्षेप. पायटा हलता ठेवला तर पोरं खाली शिरून बोटं अडकवतील. हे भय खोटं नाही. चाकात झगा अडकू नये म्हणून मूळ कारागिरांनी चाकाच्या बाजूला बिडाचीच नक्षीदार आडवण दिली होती. परदेशी झग्यासाठी केलेली ती सोय इकडे पदराच्या कामी आली. ती बरेचदा काढून टाकलेली असते, ती परत बसवावी. शिवणार नसाल तर पट्टा काढून ठेवावा; मग चाक पायाबरोबर फिरतं, पण वर काही ओढलं जात नाही. रांगतं मूल घरात असेल तर ते उभं राहून चालू लागेपर्यंत पायट्याला तार बांधायलाही माझी हरकत नाही, मात्र तार बांधल्याची तारीख लिहून ठेवावी, नाहीतर ते मूल लग्नाला येतं तरी तार तशीच.

बेसिनवाल्यांचं काय करायचं, हे मात्र मला बराच काळ सुचत नव्हतं. लाकूड आणि पाणी, बीड आणि पाणी, ही वैरं पुरातन आहेत. तिथे फळी फुगणार, पाय गंजणार आणि साबणाचा फेस वेलबुट्टीत जाऊन बसणार. बांधकाम फोडा असं सांगावं, तर टाइल्स नुकत्याच बसलेल्या. पण हॉस्पिटलात ऑपरेशनला जाताना डॉक्टर हात धुतात, तिथे नळ पायाने किंवा गुडघ्याने चालवण्याची सोय असते, आणि २०२० साली तर पायाने दाबायचे हात धुण्याचे स्टँड जागोजागी उभे राहिले. आपल्या बेसिनखाली पायटा तर आयताच आहे! तो नळाला जोडा. पाय दाबला की पाणी, पाय उचलला की बंद. पाणी वाचेल आणि पायट्यालाही काम मिळेल. प्लंबर आधी पायट्याकडे पाहील, मग नळाकडे, मग आपल्याकडे, आणि म्हणेल, ‘त्यापेक्षा साधा नळ घ्या ना, काका.’ त्याच्याशी वाद घालू नये. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा एखादा शोधून आणावा. नळातलं त्याला ओ की ठो कळत नसेल, पण खाली पाय दाबून वर काय काय हलवता येतं, हे त्या दोघांत त्यालाच ठाऊक असतं.