मोजणी कुठल्या दगडापासून धरलीत?

प्रति,
मा. संपादक,
कोड विभाग, नातीचा जुना लॅपटॉप.

विषय: घोषित पॅकेज व अपेक्षित पॅकेज यांची जुळणी नसल्याबाबत.
संदर्भ: आपली तांबडी नागमोडी रेघ, एकूण नग 11.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, अर्जदार सेवानिवृत्त तलाठी आहे. हल्ली त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाने अजून फेरफार मंजूर केलेला नाही. वर्तमानपत्रांच्या संपादकांना मी आजवर पुष्कळ पत्रं लिहिली: रस्त्यातले खड्डे, वेळेवर न येणारी एसटी, बंद पडलेला हातपंप. त्यांनी फार तर पत्र छापलं नाही. पत्र लिहून पुरं व्हायच्या आत अकरा ठिकाणी रेघ मारणारे संपादक मला तुमच्या रूपाने पहिल्यांदाच भेटले. तुमचं नाव इथे घेत नाही. चारचौघांत नाव घेऊन भांडायचं वय गेलं.

हकीकत अशी. नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचनालयातल्या पुस्तकांची देवघेव टिपून ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम तिने जावा या संगणकाच्या भाषेत लिहिला आणि झिप करून मला पाठवला. "आजोबा, नुसते पेपर वाचता, हेही वाचा." झिप सोडली. आत 'वाचनालय' नावाचा फोल्डर. त्याच्या पोटात पुन्हा 'वाचनालय'. त्याच्या पोटात 'एसआरसी', म्हणजे सोर्स फोल्डर. त्यात 'ग्रंथ', त्यात 'नोंदी', आणि तिथे एकदाच्या फाइली. मी बाहेरचा 'वाचनालय' तुमच्यात, म्हणजे कोड एडिटरमध्ये, उघडला. बाहेरचं दार उघडल्याशिवाय माजघरात कसं जाणार?

फाइलीच्या पहिल्याच ओळीत नातीने लिहिलं होतं: पॅकेज ग्रंथ.नोंदी. तिच्याखाली तुमची रेघ. बोट नेलं तर उत्तर आलं की घोषित पॅकेज अपेक्षित पॅकेजशी जुळत नाही. अपेक्षित आहे वाचनालय.एसआरसी.ग्रंथ.नोंदी. एक फाइल झाली, दुसरी झाली, अकराच्या अकरा तशाच.

साहेब, हे प्रकरण मला नवीन नव्हतं. सातबाऱ्यावर एक आणि जागेवर दुसरंच, यात माझी उभी नोकरी गेली. फाइलीची पहिली ओळ म्हणजे सातबारा: मी अमुक गावची, अमुक गटातली. फोल्डर म्हणजे जागेवरचा ताबा. जावाच्या राज्यात दोन्ही जुळावे लागतात. नावातलं प्रत्येक टिंब म्हणजे एक फोल्डर खाली. इथवर तुमचं माझं एकमत आहे. पण कागद आणि जागा जुळली नाही, तर चूक कागदाची की जागेची हे ठरवण्याआधी तलाठी कागदाला हात लावत नाही. जमीन महसूल संहितेत कलम 155 आहे, त्याखाली लेखनप्रमाद दुरुस्त होतो, पण त्यालाही वरचा आदेश लागतो. तुमच्याकडे मात्र ओळीशेजारी पिवळा दिवा लागतो. तो दाबला की दोन पर्याय: पॅकेजचं नाव बदला, किंवा फाइल हलवा. सुनावणी नाही, नोटीस नाही, हितसंबंधितांचा जबाब नाही. आमच्या काळी असा दिवा असता, तर तालुक्यातली निम्मी शेतं एका रात्रीत पलीकडच्या वाडीत गेली असती.

मी पहिला पर्याय दाबला. अकरा वेळा. अकराही रेघा गेल्या आणि छातीवरचं ओझं उतरलं. पण प्रोग्रॅमची मुख्य फाइल उघडली, तर आयातीच्या, म्हणजे दुसऱ्या पॅकेजातलं मागवणाऱ्या, प्रत्येक ओळीखाली रक्तबंबाळ. बरोबरच आहे. तिथे अजून ग्रंथ.नोंदी असंच लिहिलेलं, आणि त्या नावाचं गाव आता कागदावर उरलंच नव्हतं. मग एका फाइलीत जुनं पॅकेज परत लिहून तिच्यावर दुसरा पर्याय करून पाहिला. तुम्ही ती इमानदारीत उचलली आणि सोर्स फोल्डरच्या बाहेर नवा 'ग्रंथ', त्यात नवा 'नोंदी' बांधून तिथे नेऊन ठेवली. बिऱ्हाड गावठाणातून उचलून माळावर टाकलं, वर तुमच्या कागदोपत्री सगळं शाबूत.

दरम्यान जावाची बाजूही मी समजून घेतली. एका नावाचे दोन असतात, म्हणून पत्ता लागतो. आमच्या सज्ज्यात गणपत पाटील चार होते. जावाच्या स्वतःच्या घरात 'डेट' नावाचे दोन क्लास आहेत, एक जावा.युटिल मधला, दुसरा जावा.एसक्यूएल मधला. नुसतं 'डेट' म्हटलं तर कोण ओ देणार? म्हणून संस्थेचा इंटरनेटवरचा पत्ता उलटा करून पॅकेजचं नाव ठेवायची रीत पडली. आपण माणूस, घर, मु. पो., ता., जि. असं लहानापासून मोठ्याकडे जातो. जावा जिल्ह्यापासून सुरू करून माणसापाशी येते. आणि हे नाव चिवट असतं. 1995 साली जावा बाजारात आणणारी सन मायक्रोसिस्टिम्स 2010 मध्ये ओरॅकलने घेतली, पण कॉम.सन नावाने सुरू होणारी पॅकेजेस जावात आजही नांदताहेत. वाडा विकला गेला, दारावरची पाटी तशीच. उलट, 'जावा' या नावाचा हक्क ओरॅकलने सोडला नाही, म्हणून कंपन्यांसाठीच्या जावातल्या जॅवॅक्स नावाच्या पॅकेजेसना 2020 मध्ये जकार्ता हे नाव घ्यावं लागलं, आणि त्यापायी जगभरच्या प्रोग्रॅमांतल्या आयातीच्या ओळी बदलाव्या लागल्या. एवढ्या मोलाची ही ओळ, आणि ती बदलायला तुम्ही देता काय, तर पिवळा दिवा.

दुसरं एक कळलं, त्याने तर तुमच्याबद्दलचा धाकच कमी झाला. जावाचा कंपायलर, म्हणजे फाइलीतून चालवण्याजोगा क्लास तयार करणारा कारागीर, तुमच्याइतका कडक नाही. फाइल त्याच्या हातात दिली, तर ती कुठल्या फोल्डरातून आली हे तो विचारत बसत नाही. नावाप्रमाणे फोल्डर स्वतः बांधून क्लास त्यात ठेवायलाही तो तयार असतो. अडतं ते चालवताना. तयार क्लास सांगितलेल्या पत्त्यावर सापडला नाही, किंवा आतलं नाव वेगळं निघालं, की गाडी जागच्या जागी उभी. म्हणजे तुम्ही संपादक आहात, न्यायाधीश नाही. तुमची रेघ गेली म्हणून प्रोग्रॅम बरोबर ठरत नाही, आणि रेघ आहे म्हणून चूक नातीचीच असंही नाही.

रात्री नातीला फोन लावला. तिने एकच विचारलं, "आजोबा, कुठला फोल्डर उघडलात?" मी म्हटलं, बाहेरचा. ती हसली. माझा सगळा फेरफार रद्द करवून तिने झिप नव्याने सोडायला लावली आणि आतला 'वाचनालय' उघडायला सांगितला. त्या फोल्डरात तिने एक चिमुकली फाइल ठेवली होती: सोर्स 'एसआरसी'पासून धरावा. मी बाहेरच्या दाराशी उभा असल्यामुळे ती तुम्ही वाचलीच नव्हती. आतला फोल्डर उघडला, तरी दोन रेघा हटेनात. नात म्हणाली, ती तुमची जुनी आठवण आहे. साठवलेला कचरा साफ करून पुन्हा उघडा. तसं केलं. अकराच्या अकरा फाइली स्वच्छ, पहिल्या ओळीचं एक अक्षर न बदलता.

म्हणजे कागदही खरा होता आणि जागाही खरी होती. चुकलं होतं ते मोजणीचं पहिलं टोक.

संपादक महोदय, तक्रार नेमकी इथे आहे. चुकीच्या दाराशी मी उभा राहिलो, हे कबूल. पण मोजणीला आलेला माणूस आधी खुणेचा दगड शोधतो आणि नकाशावर लिहून ठेवतो की मोजणी इथून धरली. तुम्ही दोन गावं पलीकडचा दगड धरलात, तिथून साखळी टाकलीत, आणि निकाल काय दिलात, तर शेतकऱ्याचं नाव चुकलं. साखळी कुठून टाकली, हे मात्र निकालात कुठेच नाही. 'अपेक्षित' हा शब्द तुम्ही असा वापरता, जणू ती अपेक्षा वरून ठरून आली आहे. ती तुमचीच असते, आणि उघडलेल्या फोल्डराबरोबर बदलते.

सबब, विनंती की:

1) यापुढे रेघ मारताना "मी अमुक फोल्डरापासून मोजतो आहे, हे बरोबर आहे का?" असं आधी विचारावं.

2) पिवळ्या दिव्यात "सोर्स फोल्डर तपासा" हा पर्याय सगळ्यांत वर ठेवावा, नाव बदलण्याचा सगळ्यांत खाली, आणि तोही दोनदा विचारून.

3) 'नोंदी'च्या फोल्डरला इंग्रजी मोठं अक्षर आणि फाइलीत लहान, असं झालं तर विंडोज कानाडोळा करतं आणि कॉलेजचा लिनक्सवाला सर्व्हर अडवतो. अशा बाबतीत नात रडायच्या आत सांगावं.

4) जुनी आठवण पुसण्याचं बटण हाताशी ठेवावं. फेरफार रद्द झाल्यावर जुना उतारा दाखवणं आमच्याकडे चालत नसे.

तुमच्यामुळे एक गोष्ट शिकलो, तीही नमूद करतो. आता काही जुळेनासं झालं की दुरुस्तीला हात घालण्याआधी, आपण उभे कुठे आहोत हे पाहतो. नोकरीत हे इतरांना सांगण्यात माझा जन्म गेला. स्वतःवर पाळी आली तेव्हा दिवा आधी दाबला.

कळावे,
आपला त्रस्त वाचक,
सेवानिवृत्त तलाठी

पत्ता: सातारा.कराड.जुनीपेठ.आजोबा
(मोजणी जिल्ह्याच्या दगडापासून धरली आहे. आपण कुठून धरता, ते उलट टपाली कळवावे.)