आरोग्य निधी वाटप : पहिलं पुस्तक

अभिनंदन. नाशिक जिल्ह्याच्या आरोग्याची फाईल तुमच्या टेबलावर आली. घाबरू नका. बेरीज आली की पुरे. वजाबाकी वरूनच होऊन येते.

आधी राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ एकदा नजरेखालून घाला. दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त पैसा प्राथमिक सेवेवर खर्चावा, असं त्यात म्हटलंय. भाषणाला बरं पडतं. मग ते कपाटात ठेवा.

आता नकाशा पसरा. शहरातली मोठी रुग्णालयं : शालिमारला संदर्भ सेवा, त्र्यंबक रोडला सिव्हिल, नाशिकरोडला बिटको. पेन्सिल इथंच घुटमळेल, घुटमळू द्या. वरच्या डाव्या कोपऱ्यात सुरगाणा आणि पेठ दिसतील. डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, हा निकष. इमारत उभी दिसली की 'पूर्तता' लिहा. आत नर्सबाई आहेत का, हे आस्थापनावाले बघतील.

आता मुख्य धडा. सगळ्यांत काटकसरीचा उपचार म्हणजे चिठ्ठी : 'पुढील उपचारासाठी सिव्हिलला.' खर्च शून्य. पाड्यावरून रस्त्यापर्यंत डोली : एक बांबू, एक गोधडी, आळीपाळीनं लागणारे खांदे. हे कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही, म्हणून तेही शून्य. पुढं १०८ची गाडी. पेशंट शहरात पोचला की तो शहराचा भार ठरतो. भार वाढला, म्हणून पुढच्या वर्षी शहराला वाढीव तरतूद. आणि तरतूद शहरात गेली, म्हणून पाड्यावर पुन्हा चिठ्ठी. हे चक्र बिनतेलाचं चालतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये सिव्हिलच्या नवजात कक्षात ५५ बाळं दगावली. इन्क्युबेटर १८, एकेकात दोन-तीन बाळं. बरीचशी कमी वजनाची, आदिवासी तालुक्यांतून उशिरा आलेली.

इथं पुस्तक क्षणभर मिटलं तरी चालेल.

नवशिक्यानं यावरून इन्क्युबेटर वाढवावेत. ते हवेच होते. पण बाळाचं वजन आईच्या पोटात असतानाच कमी पडत होतं, तेव्हा कुणाच्या टेबलावर कुठली फाईल होती, हे शोधत बसू नये. टिपणी लांबते.

मार्च एंडला जे चटकन खरेदी होतं ते घ्यावं. फ्रिज आले की ठेवायला खोली शोधता येते. पुढं २०२७चा सिंहस्थ आहेच. तेव्हा मागायला लाजू नये.

एखाद्या उपकेंद्राची मागणी येईल : बाळाचा वजनकाटा, नग एक. ती 'प्रलंबित'मध्ये सरकवा. एवढ्याशा रकमेची टिपणी लिहायला तुमचा अर्धा दिवस जातो, आणि तुमचा अर्धा दिवस त्या काट्याहून महाग आहे.